एक वीत कमी

भोंगाताई हे नाव तिला गल्लीने ठेवलं, आणि गल्लीत त्याची सुरुवात केली शेजारच्या शिंपीणबाईने. गेल्या वर्षीच्या वादळात खाडीचं पाणी शहरात शिरणार असा अंदाज हिने दिला, हिच्या सहीने भोंगा वाजला, चार हजार माणसं पोरंबाळं, गाठोडी आणि म्हाताऱ्या सांभाळत टेकडीवरच्या शाळेत जाऊन बसली, आणि पाणी आलंच नाही. म्हणजे आलं, पण खाडीच्या भिंतीच्या माथ्याखाली चार बोटांवर येऊन थांबलं, कारण ऐन वेळी वारा फिरला. आता वारा फिरला हे कुणाकुणाला सांगत बसणार? लोकांनी परत येऊन आपापले उंबरे पाहिले, ते कोरडे ठक्क. तेव्हापासून ती गल्लीत शिरली की कुणी ना कुणी तोंडाने भोंगा वाजवायचं आणि मोठी माणसं तोंड फिरवून हसायची. तिच्या आईने तर शिंपीणबाईशी बोलणंच टाकलं होतं.

भिंतीचं एक समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं समजेल. ती गल्ली भिंतीच्या आत, बशीत ठेवल्यासारखी खाली आहे. भिंतीचा माथा बंदराच्या मापाने तीन मीटर साठ. पाणी तीन एकोणसाठला असेल तर गल्लीत पाऊल भिजत नाही, बायका दारात बसून गप्पा मारतात. ते तीन साठला पोचलं की भिंतीवरून उतरतं, आणि बशी भरायला फार वेळ लागत नाही. पूर-इशारा कक्षात नोकरी करणाऱ्या भोंगाताईला हा आकडा झोपेत विचारला तरी सांगता आला असता. तिचा जन्मच त्या बशीत झाला होता.

गेल्या वर्षीची चौकशी मात्र भिंतीची झाली नाही, माणसांची झाली. समितीने विचारलं, भोंगा कशावरून वाजवलात? तिने खरं तेच सांगितलं. म्हणाली, मला मिळाला त्या आकड्यावर मी चालले. एवढं एकच वाक्य. पण आकडा द्यायचे पट्टीवाले काका, आणि ते शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

पट्टीवाले काका म्हणजे बंदराच्या खांबावर उंचीच्या खुणांची जी पट्टी ठोकलेली आहे, ती वाचणारे. एकतीस वर्षं ते दर तासाला तिच्यासमोर उभे राहायचे, लाट खालीवर होताना मधला आकडा धरायचे आणि कक्षात फोन करून सांगायचे. कक्षातला संगणक भरती काढतो, त्यात वारा आणि पाऊस धरतो, आणि शेवटी सगळं गणित या पट्टीच्या आकड्याशी जुळवून घेतो. पट्टी म्हणेल ती पूर्व दिशा. समितीने ठरवलं की डोळ्याने वाचलेल्या आकड्यावर भरवसा नको. काकांना मुदतीच्या सहा महिने आधी घरी बसवलं आणि खांबावर यंत्र आलं. भोंगाताईला ठाऊक होतं की तिच्या वाक्यानेच त्यांचा बळी गेला. तिला बोलता आलं असतं, की वारा फिरला, काकांचा आकडा चुकला नव्हता. पण आपली नोकरी वाचतेय म्हटल्यावर ती मूग गिळून गप्प बसली. काकांनी त्यानंतर तिचा फोन कधी उचलला नाही, आणि फार वेळा करायचं तिलाही धाडस झालं नाही.

समितीने दुसरंही एक केलं. नियम केला, की संगणकाचा अंदाज तीन साठ किंवा वर असेल तरच भोंगा. खाली असेल तर बटणावरच्या काचेच्या झाकणाला हात लावायचा नाही.

त्या दिवशी सकाळपासून वारा समुद्राकडून सुटला होता आणि कक्षाच्या खिडक्या एकसारख्या थरथरत होत्या. भरतीचा माथा सव्वाचारला. संगणक म्हणत होता, तीन पंचेचाळीस. साहेबांनी दोनदा येऊन आकडा पाहिला आणि दोन्ही वेळा हुश्श केलं. साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त गेल्या वर्षी त्याने वरच्यांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की आता त्याला आकड्याशिवाय काही दिसत नव्हतं. तिलाही, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं.

दहा वाजता आईचा फोन आला. खाडी फार खळबळलीय म्हणाली, लोक विचारताहेत, बांधाबांध करावी का.

"बस निवांत, आई," भोंगाताई म्हणाली. "तीन पंचेचाळीसच्या वर जात नाही. भिंत ओलांडणार नाही."

"मग गल्लीत सांगू?"

"सांग. मी म्हटलंय म्हणून सांग."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण तिला वाटलं, एकदा कळू दे सगळ्यांना, की हिला नको तेव्हा नको म्हणताही येतं. वर्षभर तोंडाने वाजवलेले भोंगे ऐकून तिचा जीव विटला होता. आईलाही तेच हवं होतं. ती बारा घरं फिरली आणि प्रत्येक दारात सांगून आली, की माझ्या मुलीने सांगितलंय, आज काही होत नाही. शिंपीणबाईच्या दारात ती गेली नाही, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने शेजारच्या घरी बोलली.

साडेबाराला आईचा पुन्हा फोन. या वेळी आवाज जरा खाली होता.

"अगं, चौथी पायरी गेली."

भिंतीच्या माथ्यावरून खाडीत उतरायला पायऱ्या आहेत. भोंगाताई नोकरीत नवी होती तेव्हा, अठरा वर्षांपूर्वी, काका तिला घेऊन तिथे आले होते आणि बंदरातल्या जुन्या दगडी खुणेपासून माप घेत घेत त्यांनी तिला दाखवलं होतं, की वरून चौथ्या पायरीची कड म्हणजे बरोबर तीन मीटर. यंत्र बिघडेल, पायरी बिघडत नाही, असं म्हणून त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला होता. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि पडद्यावर यंत्राचा त्या घडीचा आकडा होता दोन ऐंशी.

तिने आईला सांगितलं, पुन्हा मोज, लाटेने भिजली असेल. आई चिडली. म्हणाली, चाळीस वर्षं त्या पायऱ्या चढतेय-उतरतेय, मला मोजायला शिकवतेस? लाट नाही, पाणी उभं आहे तिच्यावर.  दोन ऐंशीला चौथी पायरी हातभर नाही तरी वीतभर कोरडी दिसायला हवी होती.

तिने काकांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग तिने साहेबांना जेवायला जाते म्हणून सांगितलं आणि वाऱ्यात पदर सावरत कक्षामागचा चढ धापा टाकत चढली.

काकांच्या घराचं दार उघडंच होतं. ते खिडकीशी बसले होते, खिडकीतून बंदर दिसत होतं, आणि मांडीवर दुर्बीण होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"किती दाखवतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन ऐंशी. पण चौथी पायरी गेली, काका."

काकांनी उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणली आणि तो तसाच तिच्यापुढे धरला. एक वीत.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अकरा वर्षांपूर्वी एका मालवाहू पडावाची धडक बसून पट्टी खांबावरून निखळली. कंत्राटदाराच्या माणसांनी अर्ध्या दिवसात ती पुन्हा ठोकली, पण ठोकली एक वीत वर. पट्टी वर गेली की तिच्यावरचा आकडा खाली येतो, पाणी असतं तेवढंच. काकांच्या हे दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी तेव्हाच्या साहेबाला लिहून दिलं. तो म्हणाला, माणसं येतील दुरुस्तीला, तोवर तुम्ही वीतभर मिळवून सांगत जा. माणसं आली नाहीत. साहेब बदलला, त्याच्यानंतरचाही बदलला, कागद कुठल्या फायलीत गेला देव जाणे, आणि काका वीत मिळवत राहिले. दर तासाला, अकरा वर्षं, मनातल्या मनात. त्यांना त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं. चष्मा लावावा तसं ते होतं. नवं यंत्र त्याच पट्टीवर बेतून बसवलं, आणि यंत्राला वीत कुठून ठाऊक असणार? शांत दिवसांत कुणाला कळलं नाही. संगणकाने आपलं सगळं गणित गुपचूप वीतभर खाली आणून ठेवलं होतं.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं, आणि विचारताच तिची तिलाच लाज वाटली.

"यंत्रवाले आले तेव्हा मी घरी होतो, बाई. मला कुणी विचारलं नाही." पूर्वी ते तिला पोरी म्हणायचे. ते पुढे म्हणाले, "आणि मी रागावलो होतो. रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगू. रोज वाटायचं, तीच येईल विचारायला."

तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. तीन पंचेचाळीस आणि वीतभर, म्हणजे बावीस सेंटिमीटर. तीन सदुसष्ट. काकांनी एका कागदावर सगळं लिहून खाली सही केली. तिने तो कागद मुठीत धरला आणि उतार पळत उतरली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. हा माणूस आपणच काढलेला, म्हणाले. दुसरा पुरावा? तिने पायरीचं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की तुमच्या आईच्या पायरीवर अख्खं शहर हलवायचं का? ती म्हणाली, हो. साहेबांनी वर फोन लावला, तिथे बैठक चालू होती. आणखी वर लावला, तिथे कुणी उचलला नाही. पडद्यावर दोन त्र्याण्णव झाले, मग तीन. त्यांची बोटं टेबलावर वाजत होती आणि भोंगाताईचा जीव त्या बोटांत अडकला होता. शेवटी त्यांनी कपाटातून जाड वही काढली. तिच्यात एक रकाना होता, दुरुस्तीचा. किती, कशावरून आणि कुणाची सही. यंत्र आल्यापासून त्यात एक अक्षर पडलं नव्हतं.

"या सहीखाली तुम्ही एकट्या आहात," साहेब म्हणाले.

तिने लिहिलं, अधिक बावीस, काकांच्या मापावरून. सही केली. साहेबांनी स्वतः झाकण उघडलं. सव्वादोनला भोंगा वाजला.

बंदराच्या वस्तीतली माणसं निघाली, बाजारपेठेची निघाली. बस सुटल्याचे निरोप येऊ लागले. गल्लीकडून निरोप आला नाही. मदतीची माणसं मोठे रस्ते आटोपून शेवटी तिकडे वळणार होती. तिने आईला फोन लावला आणि पलीकडून हसण्याखिदळण्याचा आवाज आला.

आई मजेत होती. सगळे दारात उभे आहेत म्हणाली, तुमचा भोंगा ऐकताहेत. त्या मेल्या भोंग्याला काय झालंय कुणास ठाऊक, पण मी सांगितलंय सगळ्यांना, घाबरू नका, माझी मुलगी म्हणाली आहे काही होत नाही. एक माणूस हललेला नाही बघ. या खेपेला तुझा शब्द मानला सगळ्यांनी.

वर्षभर जे भोंगाताईला हवं होतं ते आज मिळालं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी चुकले. पाणी भिंतीवरून येणार आहे. सगळ्यांना घेऊन आत्ता नीघ."

आईने फक्त विचारलं, किती वेळ आहे. तिने सांगितलं, तासभर, कदाचित सव्वा तास. तू तरी पुढे हो, बाकीच्यांना मदतीची माणसं सांगतील. पण आईचा स्वभाव तो आईचा स्वभाव.

"तुझ्या माणसांचं ऐकतंय कोण? मी सांगितलं म्हणून बसलेत, मीच उठवायला हवं. फोन पिशवीत टाकते. बंद नको करूस."

मग भोंगाताईच्या एका कानाला आईची गल्ली लागली. एकीकडे पडदा, एकीकडे फोन, आणि दर दहा मिनिटांनी साहेब आकडा मागायचे, तो ती वाचून, वीत मिळवून सांगायची. साहेब तोच पुढे ध्वनिक्षेपकावर द्यायचे. आईने खाडीकडच्या टोकापासून सुरुवात केली होती. चपला फरफटत जायच्या, दार वाजायचं, आणि आईचा आवाज यायचा, "माझी मुलगी चुकली. उठा, निघा." कुणी हसायचं, कुणी वाद घालायचं, सकाळी तर तुम्हीच म्हणालात म्हणायचं. आई तेच वाक्य पुन्हा म्हणायची. एका घरात तिला पाचदा म्हणावं लागलं. प्रत्येक वेळी भोंगाताईच्या तोंडात मारल्यासारखं होत होतं, आणि प्रत्येक वेळी ती मनात म्हणत होती, म्हण आई, आणखी मोठ्याने म्हण.

दहा घरं झाली. अकरावं बंद होतं. बाराव्या घरातल्या सुतारभाऊंनी आपल्या म्हातारीला पाठुंगळी घेतलं, ते ऐकू आलं. पोरांची रडारड गल्लीच्या वरच्या तोंडाकडे सरकत गेली. आईचे गुडघे बोलत होते, तिचा श्वास आता चपलांपेक्षा मोठा येत होता. पडद्यावर तीन सव्वीस. तीन एकतीस. तेरावं घर आईचं स्वतःचं, तिथे ती थांबली नाही. उरलं चौदावं. भिंतीला भिंत लागून, पहिलं व्हायला हवं होतं ते घर आईने शेवटी ठेवलं होतं. का ठेवलं ते भोंगाताईला विचारायची गरज नव्हती. शिंपीणबाईच्या दारात जाऊन ते वाक्य म्हणायचं म्हणजे आईला गिळायला अवघड होतं, आणि आईने तेवढ्यासाठी तासभर धीर गोळा केला होता.

"आई, ते राहू दे," ती फोनमध्ये म्हणाली. "तू नीघ." पण फोन पिशवीत होता. आईला काही ऐकू जाणार नव्हतं.

शिलाई यंत्राची खडखड आधी ऐकू आली. बाई आत शिवत बसली होती. आईने दार वाजवलं. खडखड थांबली. दार उघडलं.

"माझी मुलगी चुकली," आई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "भोंगा खरा आहे. चल, ऊठ."

शिंपीणबाई हसली. वर्षभर दाबून ठेवलेलं, मनापासूनचं हसू होतं ते. म्हणाली, अगं, चुकली ती गेल्या वर्षी की या वर्षी, एक काय ते ठरवा मायलेकींनी. बाहेर बघ जरा, गल्ली कोरडी ठणठणीत आहे. आणि पुन्हा हसायला लागली.

हसता हसता तिचं हसू मध्येच थांबलं.

भोंगाताईला दुसरा एक आवाज ऐकू आला. पोतंभर धान्य कुणी दगडावर ओतत राहावं तसा, आधी लांब, मग लांब नाही. कुणीतरी म्हणालं, "हात दे." आईने हे शिंपीणबाईला म्हटलं की शिंपीणबाईने तिला, हे त्या आवाजात नीट कळलं नाही. नंतर फक्त तो आवाजच होता. फोन बंद झाला नव्हता.

"आकडा?" साहेबांनी विचारलं.

तिने फोन कानाला तसाच दाबून धरला आणि पडद्याकडे पाहिलं. तीन अडतीस. तिने त्यात एक वीत मिळवली.

"तीन साठ," ती म्हणाली.